लहान जी आणि मोठा जी : वेअरिंगच्या प्रश्नातील दोन संख्या

आर. बालसुब्रमण्यम यांनी दोन फ्रेंच गणितज्ञांसह १९८६ साली वेअरिंगच्या प्रश्नात (कोणतीही संख्या ठरावीक घातांची बेरीज म्हणून लिहायला किती पदे पुरतात) चौथ्या घातांसाठी १९ ही संख्या सिद्ध केली, असे भारतीय गणिताच्या इतिहासात वाचायला मिळते. आणि त्याच प्रश्नावरचे एखादे पुस्तक उघडले, तर चौथ्या घातासमोर १६ हा आकडा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, कारण उत्तरे दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. एका राशीचे चिन्ह इंग्रजी लहान लिपीतला जी, दुसरीचे मोठ्या लिपीतला. तोंडी बोलताना दोन्ही नुसतेच ‘जी’, त्यामुळे गोंधळ ठरलेलाच.

इंग्रज गणितज्ञ एडवर्ड वेअरिंग यांनी १७७० मध्ये, पुरावा न देता, असे म्हटले होते की कोणतीही नैसर्गिक संख्या फार तर चार वर्गांची, नऊ घनांची किंवा एकोणीस चतुर्घातांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि पुढच्या घातांनाही अशीच मर्यादा असते. लहान जी म्हणजे हीच मर्यादा : कमीत कमी किती पदांची मुभा दिली असता एकही संख्या सुटणार नाही. मोठा जी मात्र सुरुवातीच्या मोजक्या अडेल संख्यांना माफ करतो आणि विचारतो, की एका टप्प्यापुढच्या सगळ्या संख्यांना किती पदे पुरतात.

७९ ही संख्या घेऊन पाहू. तीनचा चतुर्घात ८१, म्हणजे तो उपयोगाचा नाही. हाती राहतात १६ आणि १ अशी दोनच नाणी. सोळा चोक चौसष्ट, उरलेले पंधरा एकेकाने भरायचे, म्हणजे चार आणि पंधरा मिळून एकोणीस पदे. गंमत अशी, की एकोणीस पदे लागणाऱ्या संख्या सातच आहेत : ७९, १५९, २३९, ३१९, ३९९, ४७९ आणि ५५९. १३,७९२ च्या पुढे तर प्रत्येक संख्येला सोळा पदे पुरतात. सोळाच्या खाली मात्र उतरता येत नाही, आणि त्याचे कारण शाळकरी आकडेमोडीत मावते. विषम संख्येच्या चतुर्घाताला १६ ने भागल्यास बाकी १ उरते, सम संख्येच्या चतुर्घाताची बाकी शून्य. ३१ ला सोळा पदे लागतात (एक सोळा आणि पंधरा एक). तिच्या सोळापट, म्हणजे ४९६, ही पंधरा किंवा कमी पदांत बसवायची म्हटली, तर त्यांत एकही विषम पद असू शकत नाही. मग सगळ्या पदांना १६ ने भागून आपण पुन्हा ३१ वर येतो. ७९३६ आणि त्यापुढच्या प्रत्येक सोळापटीचे हेच होते. थोडक्यात, लहान जी सात हट्टी संख्यांनी ठरवला आहे आणि मोठा जी अनंत संख्यांनी.

वर्गांच्या बाबतीत दोन्ही जी चारच आहेत, कारण आठने भागल्यावर सात बाकी उरणाऱ्या प्रत्येक संख्येला चार वर्ग लागतात आणि अशा संख्या अनंत आहेत. विषयाची ओळख वर्गांपासून होत असल्यामुळे दोन्ही राशी एकच, असा समज सहज होतो.

भारतीयांचे येथील मोठे काम लहान जीवर आहे. अन्नमलाई विद्यापीठात काम करणारे एस. एस. पिल्लै आणि अमेरिकेतील डिक्सन यांनी १९३६ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले, की सातव्या आणि त्यापुढच्या घातांसाठी, एक बारीकशी अट पाळली जात असेल तर, लहान जी नाण्यांच्या वरच्याच हिशोबाने मिळतो. ही अट मोडणारा घात आजवर सापडलेला नाही. १९४० मध्ये पिल्लै यांनी सहाव्या घातासाठी ७३ सिद्ध केले : ७०३ या संख्येत ६४ ची दहा नाणी बसतात आणि त्रेसष्ट एक उरतात. १९५० मध्ये अमेरिकेला जाताना कैरोजवळच्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

पाचव्या घातासाठी ३७ हे उत्तर चेन जिंगरून यांनी १९६४ मध्ये दिले, आणि चौथा घात सर्वांत शेवटी उरला. लहान घात सोपा असायला हवा, मग हा क्रम उलटा का? हार्डी आणि रामानुजन यांच्या १९१८ च्या विभाजनांवरील (एखादी संख्या किती प्रकारे बेरजेत फोडता येते यावरील) लेखातून निघालेली आणि पुढे हार्डी व लिटलवुड यांनी या प्रश्नाला लावलेली वर्तुळ पद्धती फार मोठ्या संख्यांवरच चालते, म्हणजे स्वभावाने ती मोठ्या जीची पद्धती आहे. लहान जी हवा असेल, तर ‘फार मोठ्या’ म्हणजे नेमके कुठून हे आकड्यात सांगावे लागते आणि त्याखालच्या संख्या वेगळ्या तपासाव्या लागतात. सहाव्या घाताला ७३ पदांची सैल मुभा होती. चौथ्यात १९ आणि १६ यांच्यात तीनच पदांचे अंतर, त्यामुळे ही सीमा साडेतीनशेहून अधिक अंकी संख्येपर्यंत जाऊन बसली. (घनांचा नऊ हा आकडा वीफरिख यांनी १९०९ मध्ये वेगळ्याच वाटेने गाठला होता, त्यातली एक फट १९१२ मध्ये केम्पनर यांनी बुजवली.)

बालसुब्रमण्यम यांची घडण मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. रामचंद्र यांच्या हाताखाली झाली. १९७९ मध्ये त्यांनी चौथ्या घाताची मर्यादा २१ वर आणली, आणि तो लेख या गुरुशिष्यांनीच आदल्या वर्षी सुरू केलेल्या ‘हार्डी-रामानुजन जर्नल’मध्ये आला. एकवीसवरून एकोणीसवर यायला आणखी सात वर्षे आणि देझुयेर व द्रेस यांची साथ लागली.

या कामानंतर लहान जीच्या तक्त्यात सुरुवातीची एकही जागा रिकामी नाही. मोठ्या जीच्या तक्त्यात वर्ग आणि चतुर्घात या दोनच जागा भरलेल्या आहेत, आणि घनांसमोर अजून ‘४ ते ७ यांपैकी काहीतरी’ एवढेच लिहावे लागते.