राजवाडा, सराफा आणि आसपास : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या अतिथिगृहात उतरणारे बहुतेक पाहुणे पुणे, नाशिक, जळगाव, नागपूर या भागांतून महाकालेश्वर आणि ओंकारेश्वर यांच्या दर्शनासाठी आलेले असतात, आणि इंदूरसाठी त्यांच्या हाती एक संध्याकाळ आणि एक सकाळ एवढाच वेळ उरलेला असतो. तेवढ्या वेळात काय पाहावे, काय खावे आणि काय पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावे, हे आम्हाला रोज विचारले जाते. खोलीच्या किल्लीबरोबर हे पत्रक देण्याचा प्रघात त्यातूनच पडला. यात उल्लेख केलेल्या कोणत्याही दुकानाशी आमचा व्यवहाराचा संबंध नाही. आम्ही स्वतः जिथे जातो तेच सांगतो.

सर्वांत आधी वेळेबद्दल, कारण चूक बहुधा तिथेच होते. मागे आमच्याकडे उतरलेले एक कुटुंब मोठ्या हौसेने सायंकाळी सहा वाजता सराफ्यात गेले, दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकाने पाहून गोंधळले, तिथल्या एका पेढीवर ‘खाण्याचे कुठे मिळते’ असे विचारून आले आणि शेवटी जवळच्या हॉटेलात पोटभर थाळी जेवून परतले. रात्री साडेनऊला आम्ही त्यांना पुन्हा पाठवले, पण पोटात जागा नव्हती. सराफा हा दिवसभर दागिन्यांचा बाजार असतो. रात्री आठच्या सुमारास पेढ्यांची दारे बंद होऊ लागतात, त्यांच्या पायऱ्यांपुढची जागा झाडून धुतली जाते, आणि नऊच्या पुढे त्याच जागेवर शेगड्या, कढया आणि पराती मांडल्या जातात. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली तर दुकानांची आपसूक राखण होते, म्हणून सराफांनीच खाण्याच्या ठेल्यांना जागा दिली, असे येथील जुने लोक सांगतात. तेव्हा सायंकाळचे जेवण टाळावे, आणि नऊच्या आधी सराफ्यात पाऊल टाकू नये.

सायंकाळचे दोन तास

नऊ वाजेपर्यंतचा वेळ राजवाड्याभोवती उत्तम जातो. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ मध्ये, या वाड्याच्या बांधकामाला प्रारंभ झाला. समोर उभे राहून पाहिल्यास खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असल्याचे सहज लक्षात येते. वाड्याने तीन वेळा आग सोसली : १८०१ मध्ये शिंद्यांचा सरदार सर्जेराव घाटगे याच्या स्वारीत, १९०८ मध्ये आणि १९८४ च्या दंगलीत. आज दिसतो त्यातला बराच भाग पुन्हा बांधलेला आहे, तरीही दर्शनी बाजूचे सज्जे आणि कमानी पाहताना मराठी माणसाला हे काम ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. वाड्याच्या आत होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड यांचे देवस्थान आहे, हे जेजुरीला जाणाऱ्या पाहुण्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. मात्र आतला भाग तिकीट काढून दिवसाच पाहता येतो; सायंकाळी फक्त बाहेरून आणि समोरच्या बागेतून, जिथे अहिल्यादेवींचा पुतळा आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की अहिल्यादेवी याच वाड्यातून राज्य करीत होत्या. त्यांची राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला होती. इंदूर राजधानी झाले ते १८१८ च्या मंदसौर तहानंतर.

राजवाड्याला लागून असलेले गोपाळ मंदिर कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये बांधवले. तेथून पाच-सात मिनिटे चालत गेल्यास कान्ह नदीच्या काठी होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मरणार्थ बांधलेल्या कृष्णपुरा छत्र्या लागतात. दिवे लागल्यावर त्या अधिक चांगल्या दिसतात, आणि गर्दी कमी असल्यामुळे वयस्कर मंडळींना टेकायलाही जागा मिळते. सेठ हुकुमचंद यांनी इतवारिया बाजारात बांधलेले काच मंदिर, ज्याच्या भिंती, छत आणि जमीनही काचेने मढवलेली आहे, ते मात्र दिवसाउजेडी पाहावे.

खरेदी करायची असेल तर तीही याच दोन तासांत उरकावी. राजवाड्याभोवतीच्या प्रत्येक गल्लीचा माल ठरलेला आहे. साड्या आणि कापडासाठी शीतलामाता बाजार, भांड्यांसाठी बर्तन बाजार, पुस्तके आणि वह्यांसाठी खजुरी बाजार, आणि मसाले, सुका मेवा व शेव-फरसाणासाठी मारोठिया बाजार. घरी नेण्यासाठी आमच्या मते दोनच वस्तू खरोखर नेण्यासारख्या आहेत. एक लवंगेची शेव, आणि दुसरे जिरावण. धने, जिरे, बडीशेप, आमचूर, काळे मीठ, हिंग आणि मिरची यांच्या या पुडीवर इंदूरचे निम्मे खाणे उभे आहे. काकडीवर, दहीभातावर, अगदी साध्या उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरले तरी चालते. महेश्वरी साडी मात्र पुढे महेश्वरला जाणार असाल तर तिथेच घ्यावी. मागावर विणताना पाहून घेण्यात निराळे समाधान आहे.

सराफा

सराफ्यातले खाणे शाकाहारी आहे. एकेक ठेला एकेका पदार्थासाठी ओळखला जातो, आणि नवख्या पाहुण्याची फजिती होते ती पहिल्याच ठेल्यावर दोन-दोन प्लेट मागवल्यामुळे. चौघांत एक प्लेट, हा आमचा नियम आहे. असे मागण्यात येथे कोणालाही संकोच वाटत नाही; ‘भिया, चमचे चार द्या’ म्हटले की चार चमचे येतात. भिया म्हणजे भैया. या एका हाकेवर इंदुरातली निम्मी कामे होतात, आणि मराठीत बोललात तरी पुष्कळ ठेलेवाल्यांना समजते.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करावी. कोवळी कणसे किसून तो कीस तुपातल्या मोहरी-जिरे-हिंग-हिरव्या मिरचीच्या फोडणीत परततात, वरून दूध घालतात आणि दूध आटेपर्यंत हलवत राहतात. मोठ्या कढईत कडेने तूप सुटू लागले की कीस तयार झाला असे समजावे. मग त्यावर लिंबू, कोथिंबीर आणि खोबरे पडते. हा पदार्थ इंदूरच्या मराठी घरांतही नेहमी होतो, परंतु कढईच्या तळाला लागलेली जी किंचित खरपूस चव ठेल्यावर मिळते ती घरच्या गॅसवर उतरत नाही, हे आम्ही अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर मान्य केले आहे. पावसाळ्यात, कणसांच्या हंगामात, तो सर्वांत सरस लागतो.

थंडीत आला असाल तर गराडू चुकवू नये. कोनफळाच्या जातीचा हा कंद सोलून, तुकडे करून तळतात, आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा कडकडीत तेलात टाकून त्यावर लिंबू पिळून जिरावण भुरभुरतात. बाहेरून कुरकुरीत आणि आतून पिठूळ असा तो तुकडा तोंडात धुमसतो. घाई करू नये. उन्हाळ्यात गराडू कुठे मिळतो असे विचारणाऱ्यांना आम्ही दरवर्षी निराश करतो.

जोशी यांच्या दहीबड्याच्या दुकानापुढे गर्दी दिसेल. तिथे दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून अलगद झेलला जातो आणि थेंबही सांडत नाही. पण आमच्या दृष्टीने खरे कसब त्याच्या पुढचे आहे : एकाच चिमटीत निरनिराळे मसाले धरून ते एकामागून एक, एकमेकांत न मिसळता, दह्यावर सोडले जातात. मुलांना पुढे उभे करावे. वडा गोडसर दह्यातला असतो. आंबट दह्याची अपेक्षा ठेवू नये. विजय चाट हाऊसचे खोपरा पॅटिस, म्हणजे बटाट्याच्या आवरणात ओल्या नारळाचे सारण, हेही गरम असतानाच खावे.

साबुदाण्याच्या खिचडीविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण उपास असलेले पाहुणे ती पाहून हरखतात आणि मग शंका काढतात. येथील खिचडी आपल्यासारखी तुपात परतलेली नसते. साबुदाणा वाफेवर मोकळा शिजवून ठेवलेला असतो, आणि मागणी आली की त्यात दाण्याचे कूट, मिरची, मसाला, लिंबू आणि बटाट्याचा फराळी चिवडा कालवून देतात. ती चिकट होत नाही आणि हलकी लागते. मसाल्यात घातलेले मीठ आणि इतर जिन्नस आपल्या उपासाला चालतात की नाही, हे मात्र ज्याने त्याने विचारून घ्यावे. घराघराचे नियम वेगळे असतात.

गोडात जलेबा हा पदार्थ नावाप्रमाणेच जिलबीचा थोरला भाऊ आहे. एकच नग पाव किलोच्या वर भरतो, त्यामुळे एकट्याने घेण्याचे धाडस करू नये. मालपुवा, रबडी आणि मूगडाळीचा हलवा यांच्यातून एकच निवडायचे झाल्यास आमचा कौल थंडीत हलव्याला आणि एरवी रबडीला आहे.

पिण्याच्या बाबतीत शिकंजी या शब्दाने जवळजवळ प्रत्येक पाहुणा फसतो. लिंबाचे सरबत येईल या समजुतीने तो ती पोट भरल्यावर पाचक म्हणून मागवतो, आणि समोर येतो तो आटवलेल्या दुधात घट्ट ताक, साखर, केशर, वेलची आणि सुका मेवा घातलेला पेला. पातळ श्रीखंड आणि बासुंदी यांच्या मधले काहीतरी, असे तिचे वर्णन करता येईल. बडा सराफ्यातील नागोरी यांची शिकंजी जुन्या मंडळींच्या विशेष आवडीची आहे. ती जेवणानंतर न घेता, जेवणाऐवजी घ्यावी, असे आमचे मत आहे. शेवटी काही प्यायचेच असेल तर कढईतले गरम केशरी दूध चांगले.

सकाळचे पोहे

रात्री उशीर झाला तरी सकाळी पोह्यांसाठी उठावे. राजवाड्याच्या परिसरात अगदी पहाटेपासून पोहे मिळतात, आणि दहानंतर त्यांची गोडी ओसरते. महाराष्ट्रातून आलेल्या गृहिणींची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘कांदा परतलेला नाही’ अशी असते. बरोबर आहे, नसतोच. भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर आणि बडीशेप लावून ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या पातेल्यात वाफवले जातात, म्हणून ते तासन्‌तास मऊ आणि गरम राहतात. कांदा कच्चा, बारीक चिरलेला, वरून घालतात. त्यावर शेव, जिरावण, लिंबू आणि मिळाले तर डाळिंबाचे दाणे. सोबत गरम जिलबी घ्यायची, आणि एक घास तिखट तर एक गोड असे खायचे. कांदेपोह्यांशी तुलना करू नये. दोन्ही वेगळे पदार्थ आहेत, केवळ नाव एक आहे.

दुसरी संध्याकाळ हाती असेल तर न्यू पलासियातील छप्पन दुकान येथे जावे. हा भाग सराफ्याच्या उलट आहे : रुंद, उजळ, वाहनांना मज्जाव असलेला, बसायला बाके असलेला. लहान मुले, गुडघेदुखीचे रुग्ण आणि गर्दीचा त्रास होणारे यांना आम्ही सराफ्याऐवजी तिथेच पाठवतो. सायंकाळपासूनच तिथे चहलपहल असते. शिकंजीसाठी मधुरम आणि अंड्याचा बेंजो, म्हणजे पावात घातलेले ऑम्लेट, खाणाऱ्यांसाठी जॉनी हॉट डॉग, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दालबाफले हे दुपारचे जेवण आहे. बाफले म्हणजे कणकेचे गोळे; ते आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवून वाढतात, त्यामुळे त्यानंतर प्रवास ठरवू नये.

व्यवहाराच्या काही गोष्टी

सराफ्यात गाडी नेऊ नये. गल्ली अरुंद आहे आणि वाहन लावायला जागा नाही. ई-रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. शनिवारी आणि रविवारी इतकी गर्दी होते की मुलांचा हात सुटता कामा नये. द्रोण, चमचे आणि उरलेले अन्न ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वेगवेगळ्या डब्यांतच टाकावे. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवलेल्या या शहरात रस्त्यावर कागद टाकणाऱ्याला आधी शेजारचा माणूस बोलतो, दंडाची पाळी नंतर येते.

रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर निघते. रंगाचे टँकर, पिचकाऱ्यांच्या तोफा आणि माणसांचा महापूर असा तो प्रकार असतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात. या दोन दिवशी परिसरातील रस्ते बंद असतात. पाहायचे असेल तर आवर्जून यावे, आणि दर्शनाची घाई असेल तर या तारखा टाळूनच खोली राखून ठेवावी.

महाकालाच्या भस्मारतीची नोंदणी झालेल्या पाहुण्यांनी सराफा त्याच रात्री करू नये. आरती पहाटे चारला असते, उज्जैन येथून सुमारे ५५ किलोमीटर आहे, आणि आधी रांगेत उभे राहावे लागत असल्यामुळे मध्यरात्रीच निघावे लागते. भरल्या पोटी आणि अपुऱ्या झोपेने त्या गर्दीत उभे राहणे वयस्करांना झेपत नाही. सराफा त्याच्या एक रात्र आधी करावा, किंवा परत आल्यावर. ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटरवर असून सकाळी पोहे खाऊन निघाले तरी दुपारच्या आत पोहोचता येते.

आमचे मुख्य दार रात्री अकराला बंद होते. सराफ्याहून उशिरा येणार असाल तर जाताना सांगून जावे, म्हणजे रखवालदार जागा राहील; बेल एकदाच वाजवावी, कारण जिन्यालगतच्या खोलीत बहुधा पहाटे निघणारे यात्रेकरू झोपलेले असतात. पहाटेचा चहा हवा असल्यास रात्री दहापूर्वी स्वयंपाकघरात सांगावे. त्यानंतर आमचे स्वयंपाकीही सराफ्यात असतात.