लीक : रोपांची तयारी व लावणी (मुंबईची घरबाग)

लीक ही कांदा-लसणाच्या कुळातली (ॲमरिलिडेसी) द्विवर्षायू भाजी. शास्त्रीय नाव ॲलियम ॲम्पेलोप्रॅसम. लागवडीतल्या प्रकाराला पोरम म्हणतात. लीक जमिनीत कांद्यासारखा पोसत नाही. पानांचे तळ एकमेकांभोवती गुंडाळले जाऊन जो लांब, गोल दांडा तयार होतो, तोच खायचा. दांड्याचा जेवढा भाग मातीआड राहतो तेवढा पांढरा आणि कोवळा राहतो. ऊन लागले की तो हिरवा आणि चिवट होतो. लावणीची सगळी रीत यावरून ठरते.

मूळ प्रदेश भूमध्य समुद्राभोवतीचा. रोमचा सम्राट नीरो आवाज सुधारावा म्हणून लीक खात असे, अशी नोंद आहे, आणि वेल्सचे ते राष्ट्रीय प्रतीक आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये ते सेलरी-पार्सलीच्या शेजारी ‘इंग्लिश भाजी’ म्हणून मिळते आणि तिथेही त्याला लीकच म्हणतात. पुष्कळांना ती कांद्याच्या पातीची दांडगी जुडी वाटते. पान हातात घेतले की फरक कळतो: कांद्याची पात पोकळ नळीसारखी, लीकचे पान लसणासारखे चपटे व मधोमध दुमडलेले.

हंगाम. लीकला थंड हवा लागते आणि मुंबईकडे ती जेमतेम अडीच महिने असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १७ अंशांच्या आसपास उतरते, दुपार मात्र ३० अंशांची असते. हे थोडे थंड दिवस रोप लहान असताना वाया घालवायचे नाहीत. ते दांडा भरण्यासाठी हवेत. म्हणून रोपे ऑक्टोबरच्या उकाड्यात, त्यांना न मानवणाऱ्या दिवसांत वाढवावी लागतात. घटस्थापनेच्या सुमारास बी टाकावे, मार्गशीर्षात लावणी करावी आणि गुढीपाडव्याच्या आसपास काढणीला लागावे, हे गणित इथे जमते. थंड देशांत शेवटी मनगटाएवढे दांडे मिळतात. मुंबईत अंगठ्याएवढा दांडा आला तर पीक चांगले समजावे. वाण लवकर येणारे, उन्हाळी गटातले घ्यावे. त्यांचा दांडा लांब व सडपातळ असतो. निळसर पानांचे, जाड व आखूड हिवाळी वाण सावकाश वाढतात, त्यांना इथला हंगाम पुरत नाही.

बी टाकणे. बी काळे, कोनेदार, अगदी कांद्याच्या बियांसारखे. १८ ते २२ अंशांत ते दहा ते चौदा दिवसांत उगवते. तिशीच्या पुढे उगवण ढासळते. ऑक्टोबरात मुंबईची दुपार ३४ अंशांच्या घरात जाते, तेव्हा ट्रे गॅलरीच्या कठड्यावर ठेवला तर निम्मे बीही उगवणार नाही. उगवेपर्यंत तो घरातच, फरशीवर ठेवावा. फरशी माठासारखी गार असते. उगवलेले कोंब दिसताच मात्र त्याच दिवशी उजेडात न्यावे, नाहीतर रोपे दोऱ्यासारखी लांबून आडवी पडतात.

ट्रे किमान चार इंच खोल हवा. श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे मोठे डबे, तळाला भोके पाडून, उत्तम चालतात. निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेल्यात गांडूळखत आणि चाळलेली लाल माती घ्यावी. बी अर्धा-पाऊण इंच अंतराने टाकून वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरावी. कोंब गुडघ्यात दुमडल्यासारखा वर येतो आणि बियाचे टरफल बरेच दिवस शेंड्याला अडकून राहते. ते ओढून काढू नये. त्यासोबत रोपही उपटून येते.

या वयात सर्वांत मोठा धोका कोलमड रोगाचा. परतीचा पाऊस, दमट हवा आणि काळजीपोटी दिवसातून तीनदा घातलेले पाणी एकत्र आले की रोपे मातीलगत बारीक होऊन रात्रीत माना टाकतात. पाणी सकाळी एकदाच, तेही झारीने द्यावे. मातीत आधीच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेला असला तर बरे. एकदा रोग लागलेला कोपरा वाचत नाही, तो चमच्याने मातीसकट काढून टाकावा.

लावणीआधी. आठ ते दहा आठवड्यांत रोप वीतभर उंच व पेन्सिलीच्या जवळपास जाड होते. मुंबईत ते बहुधा पेन्सिलीपेक्षा बारीकच राहते. पेन्सिलीएवढे जाड रोप होईपर्यंत थांबलात तर जानेवारी हातचा जातो, तेव्हा विणायच्या सुईएवढे झाले तरी पुढे जावे. लावणीआधीचा आठवडाभर ट्रे थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून रोपे कणखर करावीत. आदल्या संध्याकाळी ट्रेला भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे न तुटता सुटी होतात.

पाने आणि मुळे छाटावीत का, यावर मतभेद आहेत. आपल्याकडे कांद्याच्या रोपाचा शेंडा एक तृतीयांश छाटून लावण्याची रीत आहे, युरोपातले जुने बागवान लीकची मुळेही बोटभर ठेवून कापत. पानांची टोके कातरल्याने बाष्पीभवन घटते, तेवढे जरूर करावे. मुळांना मात्र इथल्या हवेत हात लावू नये: दुपारी तिशीचे ऊन झेलणाऱ्या रोपाला प्रत्येक मूळ हवे असते. लांब मुळे खड्ड्यात शिरेनात तर पाण्यात बुडवून, रोप दोन बोटांत फिरवत खाली सोडावे. मुळांची वेणी होते आणि ती सरळ उतरते.

लावणी. कांदा लावलेला हात इथे चुकतो. कांद्याचे रोप उथळ लावायचे, कारण खोल गेले तर कांदा पोसत नाही. लीक नेमके उलटे: जवळजवळ अख्खे रोप मातीत, वर फक्त पानांची टोके. लाटण्याएवढ्या जाड काठीने सहा इंच खोल भोक पाडावे, काठी जरा गोल फिरवून ते रुंद करावे, त्यात एक रोप तळापर्यंत सोडावे आणि माती भरू नये. त्याऐवजी भोक पाण्याने काठोकाठ भरावे. पाणी मुरताना कडेची थोडी माती मुळांवर ओढून नेते, तेवढी पुरते. उरलेली पोकळी दांड्याला जाड व्हायला जागा देते आणि पुढच्या आठवड्यांत आपोआप भरत जाते. हाताने दाबून माती भरली तर दांडा आवळला जातो आणि पानांच्या बेचक्यांत माती शिरते. असे उघडे भोक पाहून हात शिवशिवतात, पण थांबावे.

दोन रोपांत सहा इंच, दोन ओळींत फूटभर अंतर ही जमिनीतली मापे. ग्रो-बॅगेत चार इंचांवरही भागते, दांडे बारीक येतात एवढेच. बॅग किंवा ड्रम किमान सव्वा फूट खोल हवा. गच्चीवरचा भार कमी करण्यासाठी अनेक जण निव्वळ कोकोपीट आणि खत भरतात. त्यात भोक टिकत नाही, काठी काढताच ढासळते. म्हणून लावणीच्या बॅगेत तरी एक तृतीयांश लाल माती ठेवावी आणि भोके पाडण्याच्या आदल्या दिवशी ती ओली करून बसू द्यावी. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असली की भोक सुरेख उभे राहते.

जागा निवडताना लक्षात ठेवावे की डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पावसाळ्यात झाकोळलेली दक्षिणेची गॅलरी तेव्हा दिवसभर उन्हात न्हाते, उत्तरेच्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही. लावणी संध्याकाळी करावी आणि पहिले तीन-चार दिवस दुपारी जुन्या सुती साडीचा आडोसा करावा. रोप मान टाकते, पाने पिवळी पडतात. मधले कोवळे पान ताठ असेल तर ते जगले आहे.

पुढील निगा. मुळे उथळ व तुटपुंजी असल्याने पाणी नेमाने लागते, पण कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नये. रोपापेक्षा डासांनाच त्याचा उपयोग. दर तीन आठवड्यांनी गांडूळखताचा हात फिरवावा. दांडा वाढेल तशी पानांच्या बेचक्याच्या खालपर्यंतच मातीची भर द्यावी. बॅगेत भर घालायला जागा नसेल तर दांड्याभोवती जाड कागदाची नळी बसवली तरी तो पांढरा राहतो. फेब्रुवारीत हवा तापू लागली की फुलकिडे येतात, पानांवर चंदेरी रेघा उमटतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते झडतात, उरलेल्यांसाठी निंबोळी अर्क. दमट दिवसांत कांद्यावरचा जांभळा करपा हा बुरशीचा रोगही लीकवर येऊ शकतो.

एप्रिलच्या उन्हात दांडे चिवट होतात, त्याआधी काढून घ्यावेत. मुंबईत फुलोरा येण्याइतकी थंडी पडत नाही, त्यामुळे घरचे बी धरता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावे लागते. उरलेले बी कांद्याच्या बियाप्रमाणेच अल्पायुषी. इथल्या पावसाळ्यात उघड्या पुडीत ते एका वर्षात निकामी होते. घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवले तर पुढच्या नवरात्रापर्यंत टिकते.