पार्श्वभूमी : ब्रिटनच्या ताटात हंगाम परत कसा आला

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की इंग्लंडमधल्या वूस्टरशरमध्ये, ईव्हशमच्या खोऱ्यात, पबांच्या दाराशी ठेवलेल्या फळ्यांवर खडूने 'अस्परॅगस' हा शब्द दिसू लागतो. तिथल्या बोलीत त्याला नुसते 'ग्रास', म्हणजे गवत, म्हणतात. आपल्या शतावरीच्या कुळातलेच हे झाड. आपल्याकडे शतावरीच्या मुळ्या औषधाला जातात, तिकडे जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब खातात. सेंट जॉर्जचा दिवस, २३ एप्रिल, हा तोडणीचा जुना मुहूर्त आणि २१ जूनच्या सुमारास शेवट. जेमतेम आठ-नऊ आठवडे. ब्रेटफर्टन गावात वारसा जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या मालकीचा 'फ्लीस इन' हा जुना पब आहे, तिथे या कोंबांच्या जुड्यांचा चक्क लिलाव होतो.

हे पाहणाऱ्याला वाटेल की इंग्रज माणूस पिढ्यानपिढ्या असाच हंगामाची वाट पाहत, नव्हाळीचे खायला बाहेर पडत आला आहे. शेतात हंगाम होताच, पण हॉटेलच्या ताटातून तो जवळजवळ नाहीसा झाला होता. तो परत आणायला अर्धे शतक लागले, आणि माझ्या मते त्याचे मोठे श्रेय पैसे देऊन जेवणाऱ्या आणि वाईट जेवण मुकाट्याने गिळायला नकार देणाऱ्या गिऱ्हाइकांना जाते.

हंगामाशी ताटाचे नाते तुटण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. परदेशी धान्यावर जकात लावणारे 'कॉर्न लॉ' १८४६ मध्ये रद्द झाले आणि स्वस्त अन्नासाठी ब्रिटनने समुद्रापलीकडे पाहायला सुरुवात केली. १८८२ मध्ये 'डनेडिन' नावाचे जहाज न्यूझीलंडहून सुमारे ५,००० मेंढ्या-कोकरांचे गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले. इंग्लंडमधले कोकरू वसंतात बाजारात येते, दक्षिण गोलार्धातले त्याच्या उलट वेळी. त्यामुळे एका जहाजाने मांसाचा हंगामच पुसायला घेतला. पुढे जमैकाची केळी आली, कॅनडाचा गहू आला, डेन्मार्कचे बेकन, म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, आले. कामगाराच्या घरात पोटभर अन्न आले, ही गोष्ट लहान नव्हे. पण आपल्या गावाभोवती काय पिकते याच्याशी जेवणाचा संबंध सैल होत गेला.

तरीही त्या काळात काही पिके रेल्वेच्या जोरावर बहरली. यॉर्कशरमधल्या वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या गावांमधला त्रिकोण रूबार्बसाठी प्रसिद्ध आहे. रूबार्ब म्हणजे लालसर, आंबट देठांची भाजी, जी साखर घालून फळासारखी खातात. तिचे गड्डे दोन वर्षे शेतात वाढू देतात, थंडीचा कडाका बसू देतात आणि मग उचलून अंधाऱ्या, ऊबदार शेडमध्ये आणून लावतात. अंधारात देठ उजेडाच्या शोधात भराभर वाढतात आणि कोवळे, गुलाबी राहतात. वाढताना कळ्या फुटल्याचा बारीक आवाज येतो आणि तोडणी मेणबत्तीच्या उजेडात होते. या धंद्यामागे तिथल्याच दोन उद्योगांचा आधार होता. लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ माल खत म्हणून शेतात जायचा आणि जवळच्या खाणींतला कोळसा शेड तापवायला यायचा. जानेवारी ते मार्च, जेव्हा दुसरे ताजे फळ मिळत नसे, तेव्हा रात्रीच्या खास गाडीने हा माल लंडनला जायचा. लोक तिला 'रूबार्ब एक्सप्रेस' म्हणत. एकेकाळी इथे दोनशेहून अधिक उत्पादक होते, आता डझनभर उरले आहेत. मला ही कथा नेहमी थोडी चटका लावते, कारण रूबार्बला मारले ते दुष्काळाने नाही, स्वस्त परदेशी फळांनी.

मग दुसरे महायुद्ध. ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर यांचे रेशनिंग सुरू झाले आणि मांसावरचे शेवटचे बंधन ४ जुलै १९५४ रोजी उठले. म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षे शिधा मोजूनच मिळत होता. बाहेरचे जेवण रेशनमध्ये धरले जात नव्हते, म्हणून श्रीमंतांनी हॉटेलांत ताव मारू नये यासाठी १९४२ मध्ये नियम आला : एका जेवणाला जास्तीत जास्त ५ शिलिंग आणि मांस किंवा मासळीचा एकच मुख्य पदार्थ. सामान्य लोकांसाठी सरकारी खानावळी निघाल्या. 'सामुदायिक भोजन केंद्र' हे रुक्ष नाव चर्चिलना आवडले नाही, म्हणून त्या 'ब्रिटिश रेस्टॉरंट' झाल्या. तिथे ९ पेन्सांच्या आत गरम जेवण मिळायचे. या व्यवस्थेने देश उपाशी राहिला नाही, याबद्दल मला आदर वाटतो. पण स्वयंपाकघरांवर तिचा परिणाम खोल झाला. दूध एकाच ठरावीक प्रकारच्या सरकारी चेडरसाठी वळवले गेल्याने शेतघरांतले निरनिराळे चीज बंद पडले. चौदा वर्षांत आचाऱ्यांची एक अख्खी पिढी भुकटीची अंडी, डबाबंद भाज्या आणि पिठाळ रस्से यांवरच शिकली. गिऱ्हाइकांनाही तक्रार करणे देशद्रोहासारखे वाटू लागले होते.

या मुकाटपणाविरुद्ध उभा राहिला रेमंड पोस्टगेट. हा इतिहासकार आणि पत्रकार, पक्का समाजवादी, मजूर पक्षाचे नेते जॉर्ज लान्सबरी यांचा जावई. चांगले जेवण ही श्रीमंतांची मिरास आहे हे त्याला मान्य नव्हते. ज्याने कष्टाचे पैसे मोजले त्याला नीट शिजवलेले अन्न मिळालेच पाहिजे, इतकी साधी त्याची मागणी. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या प्रसिद्ध संस्थेच्या नावावरून त्याने 'अन्नावरील क्रूरता प्रतिबंधक मंडळ' अशी कल्पना मांडली आणि वाचकांना आवाहन केले : तुम्ही जिथे जेवलात तिथले खरे काय ते मला लिहून कळवा. ५ शिलिंगांची मर्यादा १९५० मध्ये उठली होती. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, या पत्रांतून 'गुड फूड गाइड' हे कुठे चांगले जेवण मिळते ते सांगणारे पुस्तक तयार झाले.

त्याची पद्धत आज साधी वाटते, तेव्हा ती क्रांतिकारक होती. कळवणारे सामान्य लोक होते. कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी कामानिमित्त फिरणारा विक्रेता. जेवायला जाताना ओळख सांगायची नाही, बिल स्वतः भरायचे, हॉटेलवाल्याकडून काही घ्यायचे नाही. पुस्तकात जाहिराती नाहीत. एखाद्या लहान गावातल्या बाईने घरच्या बागेतले मटार शिजवून वाढले तर त्याची नोंद लंडनच्या मोठ्या हॉटेलाशेजारी यायची. मांस अजून रेशनवर असताना हे पुस्तक निघाले, हे मला त्यातले सर्वांत धाडसाचे वाटते. चणचणीच्या दिवसांत 'चांगले मिळाले पाहिजे' असे म्हणायला मन घट्ट लागते.

अशा नोंदींमुळे दूरवरची लहान हॉटेले तगली. बाथ शहरात जॉर्ज पेरी-स्मिथने 'होल इन द वॉल' हे हॉटेल चालवले. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जॉइस मॉलिनो पुढे १९७४ मध्ये डेव्हनमधल्या डार्टमथ बंदरात गेल्या आणि 'कार्व्हड एंजल'च्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. समोर डार्ट नदी, तिच्यातला सामन मासा, आसपासच्या मळ्यांतली भाजी. आज जे आले त्यावर आजचा बेत, असा त्यांचा खाक्या. अशी ठिकाणे मोजकीच होती, पण पुढे जे झाले त्याचे बी इथेच पडले होते.

बाकी देश मात्र उलट्या दिशेने चालला होता. सुपरमार्केट वाढली, आणि त्यांना वर्षभर एकाच आकाराचा, एकाच रंगाचा माल हवा होता. लंडनचा कॉव्हेंट गार्डनचा घाऊक भाजीबाजार १९७४ मध्ये शहराच्या मध्यातून उठून नाइन एल्म्सला गेला. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि फ्रान्सची 'गोल्डन डिलिशस' सफरचंदे दुकानांत ओसंडू लागली. केंटमधल्या जुन्या बागा उपटल्या गेल्या. ज्या देशातल्या फॅवरशॅमजवळच्या ब्रॉग्डेल इथल्या राष्ट्रीय संग्रहात सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती जपल्या आहेत, त्याच देशातल्या दुकानात चार-पाच जाती मिळत होत्या. ऑगस्टमध्ये खायची, ऑक्टोबरमध्ये खायची, ख्रिसमसपर्यंत पेंढ्यात ठेवून मग खायची, असा जातीजातीचा वेगळा हिशेब असतो, हेच लोक विसरत चालले. म्हणून 'कॉमन ग्राउंड' या संस्थेने २१ ऑक्टोबर १९९० रोजी पहिला 'ॲपल डे' भरवला. जागा मुद्दाम निवडलेली होती : बाजार उठून गेलेले कॉव्हेंट गार्डन. सोळा वर्षांनी तिथे पुन्हा फळांचे गाळे लागले.

याच सुमारास शहरी हॉटेलांतही बदल होत होता. १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'नील्स यार्ड डेअरी'च्या रँडॉल्फ हॉजसनने शेतघरी चीज करणाऱ्यांना हुडकून काढले आणि दुकानात त्यांच्या नावाने ते विकायला सुरुवात केली. आज मेनूवर शेताचे नाव दिसते, त्या प्रथेला या दुकानाने मोठे बळ दिले असे मी मानतो. १९८७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात रोझ ग्रे आणि रूथ रॉजर्स यांचे 'रिव्हर कॅफे' निघाले, मुळात शेजारच्या वास्तुविशारदांच्या कचेरीचे कॅन्टीन म्हणून. आणि १९८९ मध्ये, खाण्याशी वरवर काही संबंध नसलेला, एक सरकारी आदेश निघाला. मोठ्या बिअर कंपन्यांच्या मालकीचे हजारो पब होते आणि तिथे त्यांचीच बिअर विकावी लागे. दोन हजारांवर पब असलेल्या कंपन्यांनी आपली पकड सैल करावी, असा तो हुकूम होता. त्यामुळे पुष्कळ पब बाजारात आले आणि हाती थोडके पैसे असलेल्या तरुण आचाऱ्यांना जागा मिळू लागल्या. १९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर मायकेल बेल्बन आणि डेव्हिड आयर यांनी 'द ईगल' घेतला. पांढरे टेबलक्लॉथ नाहीत, स्वयंपाक गिऱ्हाइकांसमोर, मेनू फळ्यावर. छापील मेनूऐवजी फळा ही काटकसर होती, पण खडूने लिहिलेले पुसता येते, म्हणून बाजारात जे आले ते त्या दिवशी लिहिता आले. 'गॅस्ट्रोपब', म्हणजे चांगल्या जेवणाचा पब, हा शब्द इथूनच रूढ झाला. १९९४ मध्ये स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळ, बेकन धुरी देण्याच्या जुन्या इमारतीत, फर्गस हेंडरसन आणि ट्रेव्हर गलिव्हर यांनी 'सेंट जॉन' उघडले. तिथे जनावराचा कोणताही भाग वाया जात नाही आणि मेनू रोज बदलतो.

पण लोकांना शेतापर्यंत खेचले ते भीतीने. २० मार्च १९९६ रोजी सरकारने संसदेत मान्य केले की गाईंना होणाऱ्या 'मॅड काउ' रोगाचा माणसांतल्या जीवघेण्या मेंदूविकाराशी संबंध असावा. त्याआधीची काही वर्षे गोमांस सुरक्षित आहे असेच सांगितले जात होते. आता प्रत्येक जण विचारू लागला : हे मांस कुठले, जनावराला काय खाऊ घातले? उत्तर देऊ शकत होता फक्त शेतकरी. सप्टेंबर १९९७ मध्ये बाथमध्ये देशातला पहिला आधुनिक शेतकरी बाजार भरला. तो भरतो ग्रीन पार्क या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या छपराखाली. नियम दोनच : माल चाळीस मैलांच्या आतला, आणि ज्याने पिकवला त्यानेच गाळ्यावर उभे राहायचे. १९९९ मध्ये लंडनमधल्या इझलिंग्टनमध्ये तसाच बाजार सुरू झाला. लंडनच्या बरो मार्केटनेही त्याच दशकाच्या अखेरीस घाऊक व्यापाराकडून किरकोळ गिऱ्हाइकाकडे तोंड वळवले.

ब्रिटनमधल्या मराठी घरांना हंगामाची ओढ शिकवावी लागत नाही. अस्परॅगसचा आणि देवगड-रत्नागिरीच्या हापूसचा मोसम साधारण एकच. एप्रिल-मे महिन्यांत लेस्टर, वेम्ब्ली, साउथॉलच्या दुकानांत हापूसच्या पेट्या येतात आणि फोनाफोनी सुरू होते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळांच्या आणि भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्या आणि इतर कीड सापडली होती. बंदीत आंब्यासोबत अळू, कारले, वांगे आणि पडवळही होते. त्या उन्हाळ्यात किती घरांत आमरसाशिवाय पंगती उठल्या असतील! २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली आणि त्या मोसमात पेट्या परत आल्या. मोसम चुकला की काय चुकते हे तेव्हा लेस्टरच्या दुकानदारापासून लंडनच्या खासदारांपर्यंत सगळ्यांना कळले.

आज बहुतेक चांगल्या हॉटेलांच्या मेनूवर 'हंगामी' हा शब्द असतो, म्हणून तो तपासून पाहावा लागतो. पेरूहून विमानाने आलेले अस्परॅगस बारा महिने मिळते, आणि पॉलीहाऊसमुळे इंग्लंडमधले कोंबही एप्रिलच्या आधी येऊ लागले आहेत. सगळ्यांत सोपी परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीची. तेव्हा हिवाळी भाज्या संपत आलेल्या असतात आणि नवे काही उगवलेले नसते. शेतकरी या दिवसांना 'भुकेली फट' म्हणतात. त्या वेळी ज्याच्या मेनूवर जांभळी ब्रोकोली, रूबार्बचे शेवटचे देठ, साठवणीतले बटाटे आणि रानातला लसूणपाला एवढेच असेल, तो खरा. टोमॅटो आणि झुकिनी दिसली तर कुठून आणली हे वाढणाऱ्याला जरूर विचारावे. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

ईव्हशमचे शेतकरी मात्र २१ जूनच्या सुमारास सुरी खाली ठेवतात. भाव चांगला असला तरी. उरलेले कोंब वाढू देतात, त्यांची कमरेएवढी, बडीशेपेसारखी नाजूक झुडपे होतात आणि उन्हाळाभर मुळांत अन्न साठवतात. नव्याने लावलेल्या गड्ड्याला तर साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत हातच लावत नाहीत.