जुन्या लष्करी विमानांचे गेज ओळखणे

कॉकपिटमधून सुटा झालेला गेज, म्हणजे वेग, उंची, दाब वगैरे दाखवणारे मापक, कशाचा, कोणत्या देशाचा आणि साधारण कोणत्या काळातला, हे ठरवण्याची रीत. भारतीय हवाई दलाकडे ब्रिटिश, अमेरिकी आणि पुढे सोव्हिएत बनावटीची विमाने होती, म्हणून तिन्ही घराण्यांची खूण माहीत असावी लागते. मिग-२१ तर खानदेशाच्या शेजारी, नाशिकजवळ ओझरला बांधले जात.

पहिली नजर तबकडीवर नव्हे, पाठीवर टाकावी. ब्रिटिश गेजवर मुकुट, त्याखाली 'ए.एम.' ही एअर मिनिस्ट्रीची अक्षरे आणि बहुधा '६ए/' ने सुरू होणारा भांडार क्रमांक असतो. अमेरिकी गेजवर 'ए.एन.' म्हणजे आर्मी-नेव्ही क्रमांक, जर्मन गेजवर 'एफएल' क्रमांक, तर सोव्हिएत गेजवर रशियन लिपी. पाठीमागच्या नळ्याही बोलतात: वेगमापकाला दोन, उंचीमापकाला एकच. उंचीमापकाच्या तबकडीवर ० ते ९ असे दहाच आकडे असतात; तरीही त्याला घड्याळ समजणारे भेटतात.

एकके हा दुसरा पुरावा. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब अमेरिकी गेज पाऱ्याच्या इंचांत सांगतो, ब्रिटिश 'बूस्ट' गेज समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला शून्य धरून दर चौरस इंचाला पाउंडांत, जर्मन गेज 'आटा' (साधारण एका वातावरणाइतका दाब) या एककात. जेट असलेल्या मिग-२१ मध्ये इंजिनाचे फेरे टक्क्यांत दिसतात.

भुसावळच्या रेल्वे जगतात इथेच फसगत होते. जुन्या गाड्यांच्या व्हॅक्युम ब्रेकचा (नळीतली हवा काढून चालणाऱ्या ब्रेकचा) गेजही पाऱ्याच्या इंचांत असे. तो टेबलावर ठेवला तर काटा शून्यावर राहतो, कारण तो बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती कमी आहे ते मोजतो. विमानाचा पाऱ्याच्या इंचांतला गेज हवेचा पूर्ण दाब मोजतो; तो शाबूत असेल तर भुसावळात २९ इंचांच्या आसपास दाखवील. तिथेच ब्रिटिश बूस्ट गेज शून्याच्या किंचित खाली उतरेल आणि १०१३.२ मिलिबारवर (समुद्रसपाटीचा प्रमाण दाब) लावलेला उंचीमापक सातशे फुटांच्या जवळपास, पावसाळ्यात त्याहून बराच वर. बिघडलेला गेज ओळखायला याहून सोपी कसोटी नाही.

गेज कोणत्या विमानातला, हे मात्र गेज एकटा सांगू शकत नाही. एकाच क्रमांकाचा उंचीमापक स्पिटफायर या लढाऊ विमानातही बसे आणि लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानातही. विकणारा 'स्पिटफायरचा आहे' म्हणाला तर कागद मागावा. कागद नसेल तर त्या नावाचे पैसे देऊ नयेत.

आकड्यांवर पिवळट-तपकिरी जाड रंग असेल तर तो किरणोत्सारी रेडियमचा असू शकतो, आणि १९६० च्या दशकाआधीच्या गेजमध्ये तसे धरूनच चालावे. अंधारात चमकत नाही म्हणजे तो निवला, असे नव्हे: चमक देणारे झिंक सल्फाइड आधी झिजते, रेडियम-२२६ निम्मे व्हायला मात्र सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणून गेज उघडू नये, घासू नये, घड्याळजीकडेही नेऊ नये. काच फुटलेला गेज पिशवीत बंद करून माणसांच्या वावरापासून दूर ठेवावा, आणि हात धुवावेत.