घशाचा कॅन्सर : उपचार कमी करण्याचा हिशेब

घशाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू आणि दारू, हे समीकरण वर्षानुवर्षं पक्कं होतं. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार जर्मन विषाणूतज्ज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला १९८३ मध्ये सापडला, पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या गाठींशी त्याचं नातं ठसठशीतपणे मांडलं ते मॉरा गिलिसन यांच्या २००० सालच्या अभ्यासाने.

उपचार मात्र सगळ्यांना एकच. ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन, सात आठवड्यांत ३५ वेळा, जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. चेहऱ्यावर जाळीचा मास्क आवळून रोज टेबलावर निजायचं. लाळग्रंथी होरपळतात, आणि मग पोळीचा घाससुद्धा पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. सिस्प्लॅटिनमुळे काहींच्या कानात कायमची शिट्टी वाजत राहते.

२०१० मध्ये आकडे आले. तीन वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण विषाणूवाल्या गाठींत ८२.४ टक्के, बाकीच्यांत ५७.१. विषाणूवाले रुग्ण बरेचदा वयाने लहान, बरे झाल्यावर पुढे वीस-तीस वर्षं जगणारे. एवढा मारा हवाच कशाला, हा प्रश्न मग टाळता येईना.

पहिला वार सिस्प्लॅटिनवर झाला. त्याच्या जागी सेटुक्सिमॅब हे कॅन्सरच्या पेशींवर नेम धरणारं औषध द्यावं. ते सौम्य, असा समज होता. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी तो मोडीत काढला. त्यांतल्या एकीत दोन वर्षांनी सिस्प्लॅटिनवाले ९७.५ टक्के जिवंत होते, सेटुक्सिमॅबवाले ८९.४. बरं, गंभीर त्रासही कमी झाला नव्हता! नको नको म्हणत सगळे ज्याच्यापासून सुटू पाहत होते, तेच औषध जीव वाचवत होतं.

मग मोर्चा रेडिएशनकडे वळला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएन००२ चाचणीत ६० ग्रे आणि सिस्प्लॅटिन या जोडीने आशा दाखवली. सिस्प्लॅटिन वगळलेला गट मात्र ठरवलेल्या निकषापर्यंत पोचला नाही. पण त्या चाचणीत समोर ७० ग्रेचा गट नव्हताच. माझ्या मते खरी मेख इथेच होती. पुढच्या एचएन००५ मध्ये तो ठेवला, आणि २०२४ मध्ये चित्र पालटलं: दोन वर्षं आजार न वाढता राहिलेले ७० ग्रे आणि सिस्प्लॅटिनच्या गटात ९८.१ टक्के, ६० ग्रे आणि सिस्प्लॅटिनच्या गटात ८८.६. चाचणी तिसऱ्या टप्प्यात गेलीच नाही.

आधी शस्त्रक्रिया करून मग ५० ग्रे देण्याची वाट अजून खुली आहे. रक्तात तरंगणारा विषाणूचा डीएनए मोजून कुणाला कमी उपचार पुरतील, हे ओळखण्याचे प्रयोगही चालू आहेत.