मॅन्युअल मोड (ऑटोमॅटिक गाडीतला)

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडल नसते, गिअर गाडी आपला आपणच बदलते. तरीही कोणता गिअर हवा हे चालकाला सांगता यावे म्हणून दिलेली सोय म्हणजे मॅन्युअल मोड. गिअरचा दांडा ‘डी’वरून (ड्राइव्ह, म्हणजे नेहमीचा ऑटोमॅटिक मोड) ‘एम’वर (काही गाड्यांत ‘एस’वर) घ्यायचा आणि अधिक-उणेच्या खुणांकडे ढकलत गिअर वर-खाली करायचा. काही गाड्यांत हेच काम स्टिअरिंगमागची पॅडल (बोटांनी ओढायच्या छोट्या पट्ट्या) करतात. अधिकची खूण पुढे की मागे, यावर मात्र कंपन्यांचे एकमत नाही. गाडी नवी असेल तर आधी दांड्याकडे नीट बघून घ्यावे.

पूर्वीच्या ऑटोमॅटिक गाड्यांत ‘२’ (दुसऱ्या गिअरच्या वर न जाणे) आणि ‘एल’ (सगळ्यात खालचा गिअर) एवढीच मुभा असे. १९९०च्या सुमारास पोर्शेने ९११मध्ये ‘टिपट्रॉनिक’ या नावाने मॅन्युअल मोड आणला. पॅडल आली ती शर्यतीच्या मैदानातून: फेरारीने १९८९च्या फॉर्म्युला वन मोसमात ती वापरली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. भारतात २०१४च्या मारुती सेलेरिओपासून एएमटी (साधीच गिअरपेटी, पण क्लच आणि गिअर यंत्र हाताळते) स्वस्त गाड्यांत आली आणि तिच्याबरोबर ‘एम’ही घरोघरी पोचला.

नाव मात्र थोडे फसवे आहे. शेवटचा शब्द संगणकाचाच असतो. ताशी शंभरच्या वेगात पहिला गिअर मागितला तर तो देत नाही, आणि वेग फार कमी झाला की गाडी बंद पडू नये म्हणून स्वतःच गिअर उतरवतो. सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये तर खरे गिअर नसतातच. तिथले ‘गिअर’ हे ठरवून दिलेले टप्पे असतात.

शहरात या सोयीचा उपयोग जवळजवळ शून्य. तिची खरी जागा घाटात, त्यातही उतारावर. ‘ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा’ हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. ‘डी’मध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पुष्कळ गाड्या वरचा गिअर घेतात, इंजिन गाडीला फारसे आवरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना वळणावळणावर ब्रेक दाबत गेले, तर लायनर जळल्याचा वास येऊ लागतो. ब्रेक ऑइल उकळले तर ब्रेकचे पेडल मऊ पडते आणि खाली जाऊ लागते. वळणाआधीच ‘एम’ घेऊन तिसरा, तीव्र उतारावर दुसरा गिअर लावला की इंजिनचा आवाज चढतो, इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा तीन हजारांच्या आसपास जातो आणि गाडी जणू मागून कुणी धरल्यासारखी उतरते. हा आवाज ऐकून अनेकजण घाबरतात. काटा लाल पट्ट्याच्या खाली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. उलट पाय ॲक्सिलरेटरवर नसताना आजची इंजिने इंधनाचा पुरवठाच तोडतात. त्यामुळे न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवण्याचा हिशेबही चुकतो, धोका आहे तो वेगळाच. एक लक्षात ठेवावे: इंजिनने वेग कमी होताना मागचा लाल दिवा लागत नाही. मागे कोणी चिकटून येत असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करावा.

चढावर ट्रकला ओलांडण्याआधी एक गिअर उतरवून घेतला तर ऐनवेळी गाडी विचार करत बसत नाही. एएमटीत हा फरक विशेष जाणवतो. मात्र चढावर थांबताना एएमटी नुसत्या ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नये, क्लच तापतो. तिथे हँडब्रेकच बरा.