सू व्हीद

सू व्हीद : अन्न हवाबंद पिशवीत घालून, ठरवलेल्या तापमानाला स्थिर राखलेल्या पाण्यात सावकाश शिजवण्याची पद्धत. फ्रेंच भाषेत या दोन शब्दांचा अर्थ ‘निर्वाताखाली’ असा होतो. ‘सूस वाइड’ असा उच्चार पुष्कळदा कानी पडतो, तो मूळ उच्चाराला धरून नाही. उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे 100° से. ला उकळते, शिट्टीच्या कुकरात तापमान 120° से. च्या आसपास चढते. सू व्हीदचे पाणी मात्र बहुधा 50 ते 85° से. यांच्या दरम्यान असते आणि वेळ अर्ध्या तासापासून दोन दिवसांपर्यंत लागतो. नाव निर्वाताचे असले, तरी पद्धतीचा जीव तापमानाच्या नियंत्रणात आहे. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय तिचा उगम नीट सांगता येत नाही आणि घरासाठी यंत्रही नीट निवडता येत नाही.

उगम : उगमाबद्दल एकमत नाही. सर्वांत जुना दाखला म्हणून बेंजामिन टॉम्पसन तथा काउंट रम्फर्ड याच्या प्रयोगाकडे बोट दाखवले जाते. तोफेची नळी कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील प्रयोगांमुळे भौतिकीच्या इतिहासात नाव झालेल्या या शास्त्रज्ञाने स्वयंपाकघरातील चुलींवरही विपुल लिहिले आहे. बटाटे वाळवण्यासाठी केलेल्या यंत्रात मांस भाजते का, हे पाहण्यासाठी त्याने मेंढीच्या खांद्याचा तुकडा आत ठेवला. तीन तासांनंतरही तो शिजलेला दिसेना, तेव्हा आच पुरत नाही असे समजून त्याने तो नाद सोडला. स्वयंपाकघरातील बायकांनी तुकडा रात्रभर तिथेच राहू दिला. सकाळी तो दुसरीकडे शिजवावा म्हणून बाहेर काढायला गेल्या, तर आतपर्यंत शिजलेला आणि चवीला अपूर्व असा निघाला. हा वृत्तांत अठराव्या शतकाच्या अगदी अखेरचा, सामान्यतः 1799 चा मानतात. मात्र रम्फर्डच्या यंत्रात उष्णता हवेतून पोहोचत होती. तिथे पाणी नव्हते आणि पिशवीही नव्हती. त्यामुळे त्याला मंद आचेच्या विचाराचा पूर्वज म्हणणे योग्य, सू व्हीदचा जनक म्हणणे ताणलेले आहे.

याहून मागे जाण्याचे प्रयत्नही होतात. जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यात शिजवलेल्या अंड्यांशी असलेले नाते खरे आहे, कारण तिथे पाण्याचे मध्यम तापमान हाच पाककृतीचा आधार आहे. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे झऱ्याच्या पाण्यात तांदूळ व हरभरे फडक्यात बांधून शिजवतात, पण ते पाणी उकळीच्या जवळ असते. रायगड जिल्ह्यातील पोपटीला ‘देशी सू व्हीद’ म्हणण्याचा मोहही समजण्याजोगा आहे. भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद केलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात, हे साम्य लोभस आहे. परंतु मडक्याभोवतीच्या जाळाला तापमानाचे बंधन नसते. प्रस्तुत नोंदीत ही उदाहरणे उगमात धरलेली नाहीत.

पिशवीची बाजू विसाव्या शतकात, आणि तीही रुग्णालयांमुळे पुढे आली. 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या नाका येथील रुग्णालयात शिजवलेले अन्न गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशव्यांत निर्वात भरून, पुन्हा उकळून, थंड करून साठवण्याची पद्धत बसवली गेली. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील रुग्णालयांसाठी अँब्रोज मॅक्‌गकियन यांनी तिच्यात बदल केला. त्यांनी अन्न पिशवीतच शिजवण्याची व्यवस्था केली आणि चव सुधारली. दोन्हीकडे उद्देश मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याचा होता. तापमान अंशाअंशाने मोजून मऊपणा साधण्याचा नव्हता.

मंद आच आणि पिशवी हे दोन धागे फ्रान्समध्ये एकत्र आले. 1974 च्या सुमारास रोआन येथील त्र्वाग्रो बंधूंच्या उपाहारगृहासाठी झॉर्झ प्राल्यू या आचाऱ्याने बदकाचे चरबीदार यकृत प्लास्टिकच्या अनेक थरांत गुंडाळून शिजवले. नेहमीच्या पद्धतीत या महागड्या पदार्थाचे बरेच वजन वितळून वाया जाई. प्राल्यूच्या पद्धतीने ही घट 5 टक्क्यांच्या आसपास आली, असे सांगितले जाते. त्याच दशकात ब्रूनो गूसो हे संशोधक गोमांसाच्या मोठ्या तुकड्यांवर तापमान, वेळ आणि टिकाऊपणा यांचा संबंध तपासत होते. जनकत्वाचा मान लोकप्रिय लेखनात बहुधा प्राल्यूला मिळतो. तथापि ‘किती अंश आणि किती वेळ’ हा आज घरोघरी विचारला जाणारा प्रश्न गूसो यांच्या कामातून आला आहे आणि पुढच्या पिढीतील कित्येक नामवंत आचारी त्यांच्याकडेच ही विद्या शिकले. पुढे स्पेनमधील जिरोना येथील झुआन रोका यांनी नार्सिस कानेर यांच्यासह ‘रोनेर’ हे पाणी ठरलेल्या तापमानाला राखणारे, उपाहारगृहांसाठीचे उपकरण घडवले. प्रयोगशाळेत नमुने स्थिर तापमानात ठेवणारी जलपात्रेही हळूहळू मोठ्या मुदपाकखान्यांत शिरली. घरगुती पेटीवजा उपकरण 2009 मध्ये अमेरिकेत बाजारात आले. पातेल्याच्या काठाला अडकवायचे, पाणी तापवून खेळवणारे दांड्यासारखे स्वस्त सर्क्युलेटर त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत आले आणि प्रसार खऱ्या अर्थाने त्यांनी केला.

तत्त्व : मांसातील मायोसिन हे प्रथिन 50° से. च्या आसपास, तर अ‍ॅक्टिन 66° से. च्या पुढे आपली मूळ घडी सोडून घट्ट होऊ लागते. पहिले घट्ट झाले की मांस शिजल्यासारखे लागते. दुसरे झाले की रस पिळून निघतो आणि घास चोथट होतो. या दोन मर्यादांमधील जागा तव्यावर किंवा भट्टीत दोन-चार मिनिटांत निसटते. सू व्हीदमध्ये पाणीच 60° से. ला असल्यामुळे आतला पदार्थ त्याच्यावर जाऊच शकत नाही. स्नायूंना जोडणाऱ्या चिवट ऊतकांतील कोलाजेन हे प्रथिन मात्र या तापमानाला फार सावकाश विरघळते. म्हणून बोकडाच्या मांडीचे किंवा नळीचे तुकडे 68 ते 70° से. ला साधारण एक दिवस ठेवावे लागतात, आणि कोंबडीच्या छातीला दीड-दोन तास पुरतात.

अंडे हे या तत्त्वाचे सर्वांत स्पष्ट प्रात्यक्षिक आहे. 63° से. च्या पाण्यात तासभर ठेवलेले अंडे वाटीत फोडले, तर पांढऱ्याचा बाहेरचा भाग पाणीदार, आतला दुधासारखा धूसर व थरथरणारा आणि बलक साखरेच्या घट्ट पाकासारखा दिसतो. 65° से. ला हाच बलक चमच्याने लोण्यासारखा फासता येतो. पांढऱ्यातील मुख्य प्रथिन 80° से. च्या आसपासच आळते, म्हणून उकडलेल्या अंड्याचा क्रम इथे उलटतो : बलक आधी बसतो, पांढरे मागे राहते. दोन अंशांचा हा फरक पाहिल्यावर तापनियंत्रकाची अचूकता कशासाठी हवी, हे निराळे समजावावे लागत नाही.

सुरक्षितता : ‘60 अंश म्हणजे निर्धोक’ असा सरसकट नियम नाही. जंतू मरणे हे तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते. कोंबडीतील साल्मोनेला जंतू 74° से. ला जवळजवळ तत्क्षणी मरतात, 63° से. ला सुमारे दहा मिनिटे, तर 60° से. ला अर्धा तास लागतो. हा वेळ तुकड्याच्या गाभ्याचे तापमान तिथवर पोहोचल्यानंतर मोजायचा. फ्रिजमधून काढलेला अडीच सेंमी. जाडीचा तुकडा 60° से. च्या पाण्यात पूर्ण निर्धोक व्हायला म्हणूनच दीड तासाच्या आसपास लागतात. गाभा तापण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट. वजनावरून वेळ ठरवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. मोजायची ती जाडी. अमेरिकी गणितज्ञ डग्लस बाल्डविन यांनी जाडी व तापमान यांनुसार तयार केलेली कोष्टके घरगुती वापरासाठी सर्वांत विश्वासार्ह वाटतात.

खालची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे जंतू 52° से. च्या थोडे वरपर्यंत वाढू शकतात, म्हणून चार तासांहून अधिक शिजवायचे असेल तर 54.5° से. च्या खाली जाऊ नये. सुरमईसारखा मासा 50 ते 52° से. ला अर्ध्या-पाऊण तासात सुरेख होतो, पण तो पाश्चरीकृत होत नाही, म्हणजे त्यातले जंतू पुरेसे मरत नाहीत. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी यांना तो देऊ नये.

सर्वांत गंभीर धोका बोटुलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा. त्याच्या जंतूंना ऑक्सिजनरहित जागा मानवते आणि हवाबंद पिशवी नेमकी तशी असते. त्यांचे बीजाणू या तापमानांना मरत नाहीत. डबाबंद अन्नासाठी 121° से. लागते ते याचसाठी. काही प्रकार 3.3° से. च्या वर, म्हणजे घरच्या फ्रिजमध्येही, हळूहळू वाढतात. यास्तव शिजलेली पिशवी लगेच वाढावी, नाहीतर निम्मा बर्फ व निम्मे पाणी असलेल्या भांड्यात पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवावी व दोन-तीन दिवसांत संपवावी; अधिक टिकवायची तर गोठवावी. ओट्यावर आपोआप निवायला ठेवू नये. 2006 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने उपाहारगृहांतील या पद्धतीवर निर्बंध आणले आणि लेखी सुरक्षा-आराखड्याची अट घातली, तीही याच भीतीने.

यंत्राची निवड : घरासाठी तीन पर्याय दिसतात : पातेल्याला अडकवायचा सर्क्युलेटर, स्वतःची टाकी असलेली पेटी आणि सू व्हीदची सोय असलेला बहुउपयोगी विजेचा कुकर. तिसऱ्यात पाणी खेळवण्याची सोय बहुधा नसते. पिशव्या दाटीने ठेवल्या की एका कोपऱ्यात पाणी थंड राहते. पेटी जागा अडवते. बहुतेकांना सर्क्युलेटरच सोयीचा. 1000 वॉटचे यंत्र 10 लिटर पाणी 25 वरून 60° से. ला न्यायला सुमारे 25 मिनिटे घेते. गीझरचे गरम पाणी घेतल्यास त्याहून कमी. 230 व्होल्टवर असे यंत्र साडेचार अँपिअरच्या आत चालते, त्यामुळे 6 अँपिअरचा साधा प्लग पुरतो.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी मागच्या पट्टीवरील व्होल्टेज आधी वाचावे. तिथली बहुतेक यंत्रे 120 व्होल्टची असतात आणि आपल्या विजेवर ती जळतात. प्रवासी अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. या ताकदीला लागणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते का, व खंड पडल्याचे दाखवते का, हेही विचारून घ्यावे; रात्रभराच्या पाककृतीत भारनियमनाच्या गावी ही बाब मोबाइल-अ‍ॅपपेक्षा कितीतरी मोलाची. बोअरच्या जड पाण्याने तापकावर पांढरा थर चढतो. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात यंत्र थोडा वेळ चालवले की तो सुटतो. तापमान खरे आहे का, हे चांगल्या स्वतंत्र तापमापकाने एकदा पडताळावे.

निर्वात-यंत्र सुरुवातीला नको. जाड, अन्नासाठीची पॉलिथीन झिप-पिशवी पुरते. तुकडे भरून एक कोपरा उघडा ठेवायचा आणि पिशवी पाण्यात हळूहळू सोडायची. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक तुकड्यांना चिकटत जाते, बुडबुडे वर सरकतात आणि शेवटी कोपऱ्यातून हवेचा सुस्कारा निघतो. पाणी त्या कोपऱ्याशी आले की तो मिटायचा. हवा राहिलेली पिशवी तरंगते आणि वरचा भाग कच्चा राहतो. दीर्घ पाककृतीत पातेल्यावर झाकण किंवा फॉइल हवे, कारण वाफ होऊन पाणी यंत्राच्या खुणेखाली गेले की ते बंद पडते.

मराठी स्वयंपाकात वापर : आले-लसूण वाटण, कांदा आणि गरम मसाला यांचा कच्चेपणा 60-70 अंशांना जात नाही, मटणाला कच्चे वाटण चोळून पिशवीत घातले तर दिवसभरानेही ते कच्चेच लागते. वाटण आधी तेल सुटेपर्यंत परतून, पूर्ण गार करून भरावे. लवंग-दालचिनी नेहमीपेक्षा कमी घ्यावी, कारण वास उडून जायला वाट नसते. खमंगपणा पिशवीत येत नाही. त्यासाठी तुकडे फडक्याने कोरडे टिपून, कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर प्रत्येक बाजू मिनिटभर भाजावी. पिशवीत सुटलेला रस टाकू नये, रश्श्यात उकळून घ्यावा.

भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन 83-85° से. च्या आसपास सैल होते. गाजर, बीट, सुरण या तापमानाला तासाभरात शिजतात आणि पाण्यात चव गमावत नाहीत. डाळी-उसळींना कुकरच बरा. राजमा तर या पद्धतीने कधीही करू नये : त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन 80° से. ला नष्ट होत नाही, त्यासाठी भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो. दह्याला मात्र हे यंत्र फार उपयोगी पडते. दूध तापवून कोमट करून, विरजण लावून, बरण्या 42-43° से. च्या पाण्यात सहा-सात तास ठेवल्या की डिसेंबरच्या थंडीतही कवडीसारखे घट्ट दही लागते. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी ते थेट फडक्यात बांधता येते.